दऱ्या की दर्या: एक लायब्ररी तीन यंत्रणांवर नेताना

२०२१ च्या पावसाळ्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका प्रकाशकांचा फोन आला. त्यांची वीस-बावीस वर्षांची पुस्तकं जुन्या फॉन्टांत अडकून पडली होती, आणि तसा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतात, आणणारा प्रोग्रॅम मी केलाय हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. "आमच्याकडे सगळं विंडोज आहे हं. मुखपृष्ठं करणारा मुलगा तेवढा मॅकवर असतो. चालेल ना?" मी लिनक्सवाला. म्हटलं, "चालेल की. सी-मध्ये लिहिलंय, तिकडे परत कंपाइल केलं की झालं. पंधरा दिवस धरा."

ते पंधरा दिवस तुळशीच्या लग्नापर्यंत पुरले.

आधी फॉन्टांचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. युनिकोड रुळायच्या आधी मराठी डीटीपीच्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: अर्धा क, काना, वेलांटी, रफार. फाइल उघडली तर आत नुसती अगम्य इंग्रजी अक्षरं, तो फॉन्ट लावला की मराठी. जागा जेमतेम अडीचशे आणि प्रत्येकाने तुकडे आपापल्या सोयीने मांडलेले. त्यात क्रमही डोळ्यांना दिसतो तसा. 'कि' टाइप करताना वेलांटी आधी, क नंतर. युनिकोडमध्ये क आधी. रफार अक्षर लिहून झाल्यावर डोक्यावर ठेवायचा; युनिकोडमध्ये तो 'र्' होऊन अक्षराच्या आधी जातो. म्हणजे प्रत्येक फॉन्टसाठी एक कोष्टक हवं आणि कोष्टकातून काढल्यावर तुकड्यांची हलवाहलव हवी.

मी रचना अशी केली होती की मुख्य प्रोग्रॅमला कुठल्याच फॉन्टची ओळख नसावी. प्रत्येक फॉन्टचं एक मॉड्यूल, म्हणजे एक शेअर्ड लायब्ररी (प्रोग्रॅम चालताना जोडून घेता येणारी कोडची फाइल), लिनक्सवर एक एसओ फाइल. प्रोग्रॅम सुरू झाला की मॉड्यूलांचा फोल्डर चाळायचा, सापडेल ती फाइल डीएलओपनने उघडायची, तिच्यातलं ठरलेल्या नावाचं फंक्शन, म्हणजे कोडचा एक तुकडा, डीएलसिमने शोधायचं, की लागा कामाला. नवा फॉन्ट आला तर नवी फाइल आत टाकायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. तीन वर्षं हे इतकं सुरळीत चाललं की त्यात काही कच्चं असेल असं मनातही आलं नाही.

विंडोजवर पहिल्याच संध्याकाळी मुख्य प्रोग्रॅम बांधून झाला. पाथमधल्या तिरक्या रेघा, दोन-तीन हेडर, एवढंच. मग पहिलं मॉड्यूल बांधायला घेतलं आणि लिंकरने, म्हणजे कोडचे तुकडे जोडून फाइल बांधणाऱ्या प्रोग्रॅमने, चौदा चुका तोंडावर फेकल्या. सगळ्या एलएनके २०१९, म्हणजे अमुक नाव वापरलंय पण ते आहे कुठे?

प्रश्न रास्त होता. मॉड्यूलांमध्ये मी मुख्य प्रोग्रॅममधली फंक्शनं बिनधास्त वापरली होती: लॉग, म्हणजे कामाची नोंद, लिहिणारं, रफार मागे नेणारं, बफर वाढवणारं. ही फंक्शनं कुठून येणार हे मी लिंकरला कधी सांगितलं नव्हतं, आणि लिनक्सच्या लिंकरने विचारलंही नव्हतं. तिथे शेअर्ड लायब्ररी बांधताना एखादं नाव नाही सापडलं, तर लिंकर ते 'येणे बाकी' म्हणून वहीत मांडतो आणि फाइल बांधून देतो. वसुली नंतर, प्रोग्रॅम चालताना, फाइली मेमरीत चढवणारा लोडर करतो. मुख्य प्रोग्रॅम बांधताना आरडायनॅमिक हा पर्याय दिला की त्याच्या पोटातली नावं मॉड्यूलांना दिसतात आणि खातं मिटतं. आपल्या ओळखीच्या वाण्यासारखं. विंडोजच्या दुकानात मात्र पाटी: आज रोख, उद्या उधार. डीएलएलमध्ये, म्हणजे विंडोजवरच्या शेअर्ड लायब्ररीत, वापरलेलं प्रत्येक नाव कुठल्या फाइलीतून येणार हे बांधतानाच लिहून द्यावं लागतं. त्या फाइलीची इम्पोर्ट लायब्ररी, म्हणजे तिच्यातल्या नावांची यादी, लिंकरपुढे ठेवायची, तरच तो पुढे सरकतो.

सोपी पळवाट होती. मुख्य प्रोग्रॅमलाच नावं एक्सपोर्ट करायला, म्हणजे बाहेर दाखवायला, लावायची, त्याची इम्पोर्ट लायब्ररी काढायची, मॉड्यूलं तिला जोडायची. केलंही तसं. चाललं. मग लक्षात आलं की माझे मुख्य प्रोग्रॅम दोन आहेत, एक कमांड लाइनवरचा आणि एक खिडकीवाला. डीएलएलच्या आत मात्र एकाच ईएक्सईचं, म्हणजे एकाच मुख्य प्रोग्रॅमच्या फाइलीचं, नाव कोरलं गेलेलं. खिडकीवाला प्रोग्रॅम मॉड्यूल उघडायला गेला की विंडोज त्या दुसऱ्या ईएक्सईला लायब्ररी समजून शोधत फिरणार. म्हणजे मॉड्यूल म्हणतंय, "मी फक्त थोरल्या भावाकडूनच उसनं घेईन."

शेवटी नीट केलं. मुख्य प्रोग्रॅम मॉड्यूल उघडतो तेव्हा त्याच्या हातात एक स्ट्रक्चर, म्हणजे माहितीचा एक गठ्ठा, देतो, ज्यात मॉड्यूलला लागणाऱ्या सगळ्या फंक्शनांचे पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते. लॉग लिहायचाय? यातला पहिला. रफार हलवायचाय? तिसरा. स्ट्रक्चरच्या सुरुवातीला आवृत्तीचा आकडा, म्हणजे जुनं मॉड्यूल नव्या प्रोग्रॅमला भेटलं तर निदान ओळख पटेल. आता मॉड्यूलला बाहेरचं एकही नाव नावाने लागत नव्हतं. चौदाच्या चौदा चुका गेल्या. अकरा मॉड्यूलांमध्ये हा बदल हाताने करायला चार रात्री गेल्या. 'परत कंपाइल केलं की झालं' हे वाक्य दर रात्री आठवायचं.

याची उलटी बाजू एक्सपोर्टची. लिनक्सवर लायब्ररीतली स्टॅटिक नसलेली, म्हणजे 'फक्त या फाइलीपुरती' असं न लिहिलेली, प्रत्येक गोष्ट बाहेरच्यांना दिसते, दार सताड उघडं. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने बांधलेल्या डीएलएलमधून काहीच दिसत नाही, ज्याला बाहेर पाठवायचंय त्याच्या कपाळावर डीएलएलएक्सपोर्टचा टिळा लावावा लागतो. मी तो माझ्या एका फंक्शनला लावला आणि कंटाळून पुढे गेलो. या फरकात काय दडलंय हे कळायला अजून महिना होता.

माझ्या मशीनवर सगळं चालू झाल्यावर ते पेनड्राइव्हवर घालून प्रकाशकांकडे गेलो. तिथे अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंच्या संगणकावर फोल्डर उतरवला, प्रोग्रॅम चालवला. एकही मॉड्यूल उघडेना. चूक क्रमांक १२६: सांगितलेलं मॉड्यूल सापडलं नाही.

"दादा, ती बघा ना फाइल, इथेच तर आहे," ताई पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या. होतीच. फाइल समोर ढळढळीत दिसतेय आणि विंडोज म्हणतंय सापडत नाही. या १२६ ची खोड अशी की फाइल सापडली पण तिला लागणारी दुसरी एखादी फाइल सापडली नाही, तरी संदेश हाच. कोणती सापडली नाही हे सांगायचं नाही. डम्पबिन या साधनाने मॉड्यूलच्या अवलंबनांची यादी काढली तेव्हा कळलं की मायक्रोसॉफ्टच्या रनटाइमची, म्हणजे सी-प्रोग्रॅमना चालताना लागणाऱ्या मूळ लायब्ररीची, डीएलएल ताईंच्या मशीनवर नाहीच. माझ्याकडे ती व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्रॅम बांधायच्या साधनाबरोबर आपोआप आलेली. तो रनटाइम त्यांच्याकडे बसवायचा हा सरळ मार्ग होता, पण त्या संगणकावर काही बसवायचं तर संगणक बघणाऱ्या माणसाला बोलवावं लागे, आणि तो आठवड्यातून एकदा येई. मी हुशारी केली. मॉड्यूलं रनटाइम पोटात घेऊन, स्टॅटिक पद्धतीने बांधली. या हुशारीचं बिल नंतर आलं.

दुसरा १२६ लगेच पुढे उभा. अक्षरं तोडण्यासाठी मी आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी वापरतो. तिच्या डीएलएल मी मॉड्यूलांच्याच फोल्डरात ठेवल्या होत्या, शेजारी शेजारी, सोयीच्या. पण विंडोज मॉड्यूलची अवलंबनं शोधताना मॉड्यूलच्या फोल्डरात बघत नाही, ईएक्सईच्या फोल्डरात बघतं. वेगळा शोधक्रम वापर असं लोडलायब्ररी या डीएलएल उघडणाऱ्या फंक्शनच्या विस्तारित रूपाला झेंडा (फ्लॅग) देऊन सांगावं लागतं. झेंडा दिला.

तिसरा १२६ फोनवर आला, आठवड्याने. "काल चालत होतं, आज नाही." काही बदललंत का? नाही. काही नवं टाकलंत? नाही. "नाव तेवढं बदललं फोल्डरचं. इंग्रजी नाव लक्षात राहत नाही, म्हणून 'जुनी पुस्तकं' असं ठेवलं."

मी दोन मिनिटं काही बोललो नाही. मराठी मजकुरासाठी लिहिलेला प्रोग्रॅम मराठी नावाच्या फोल्डरात चालत नव्हता. विंडोजमध्ये मजकूर घेणाऱ्या बहुतेक फंक्शनांची जोडी असते, नावाच्या शेवटी ए असलेलं एक आणि डब्ल्यू असलेलं एक. ए-वालीला मजकूर त्या मशीनच्या जुन्या कोडपेजमध्ये, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या अक्षरकोष्टकात, लागतो. इंग्रजीला तसं कोडपेज आहे, रशियनला आहे, थाईलाही आहे. मराठी-हिंदीला नाहीच, या भाषा विंडोजमध्ये आल्या त्याच थेट युनिकोडमधून. मी सवयीने ए-वाली फंक्शनं वापरली होती. त्यामुळे ईएक्सई कुठे आहे हे विचारल्यावर विंडोज मला 'जुनी पुस्तकं' ऐवजी प्रश्नचिन्हांची माळ देत होतं, आणि मी ती माळ इमानेइतबारे लोडलायब्ररीकडे परत पाठवत होतो. सगळीकडे डब्ल्यू-वाली फंक्शनं लावली, प्रोग्रॅमच्या आत यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची एक पद्धत) आणि विंडोजच्या उंबऱ्यावर रूपांतर. लिनक्सवर फाइलचं नाव म्हणजे नुसते बाइट, त्यात मराठी आहे की चिनी हे बघायला कुणी थांबत नाही, म्हणून हे कधी आड आलं नव्हतं.

आता त्या हुशारीचं बिल. मुख्य प्रोग्रॅम एक लॉग फाइल उघडत असे आणि तिचा फाइल पॉइंटर मॉड्यूलांना देत असे, म्हणजे कुणालाही लॉग लिहावासा वाटला तर त्याच फाइलीत जावा. स्ट्रक्चरमध्ये लॉगचं फंक्शन असतानाही दोन मॉड्यूलांत जुना पॉइंटर वापरणारा कोड राहून गेला होता. त्या दोन फॉन्टांची फाइल घेतली की प्रोग्रॅम गप्पकन बंद. बऱ्याच वेळाने उलगडलं. रनटाइम पोटात घेऊन बांधलेल्या प्रत्येक डीएलएलकडे सी-लायब्ररीची स्वतःची प्रत असते आणि उघड्या फाइलींची स्वतःची वही असते. मुख्य प्रोग्रॅम म्हणतो तीन नंबरची फाइल. मॉड्यूल आपल्या वहीत तीन नंबर बघतं, तिथे काहीच नाही. लिनक्सवर सगळ्या घरात मिळून सी-लायब्ररी एकच, त्यामुळे एकाने उघडलेली फाइल दुसऱ्याने वापरणं, एकाने घेतलेली मेमरी दुसऱ्याने सोडणं, सगळं एकत्र कुटुंबासारखं चालतं. इथे चुली वेगळ्या झाल्या होत्या.

मेमरी म्हटल्यावर मला धडकी भरली. मॉड्यूल मॅलॉकने जागा घेऊन बदललेला मजकूर त्यात भरतं आणि मुख्य प्रोग्रॅम तो वापरून ती जागा फ्री करतो, म्हणजे परत करतो. चुली वेगळ्या असतील तर हे आजवर फुटायला हवं होतं. फुटत नव्हतं. का, तर हल्लीचे रनटाइम, वेगवेगळ्या प्रती असल्या तरी, मेमरी प्रोसेसच्या एकाच हीपमधून, म्हणजे साठ्यातून, घेतात, म्हणून परतफेड जमून जात होती. मी खात्री करायला एक मॉड्यूल डीबग प्रकारात, म्हणजे चुका शोधायच्या रूपात, बांधलं. डीबग रनटाइम प्रत्येक तुकड्याच्या आधी स्वतःची थोडी नोंद ठेवतो आणि त्यापुढचा पत्ता हातात देतो. तो पत्ता मुख्य प्रोग्रॅमच्या साध्या फ्रीने हीपकडे परत केला, हीप म्हणाला हा पत्ता मी दिलेलाच नाही, आणि प्रोग्रॅम आडवा. प्रत्येक मॉड्यूलमध्ये एक 'सोड' फंक्शन घातलं. ज्याने घेतलं त्यानेच सोडायचं.

या धामधुमीत दोन बारीक गोष्टीही उरकल्या. लिनक्सवर तयार केलेल्या कोष्टकांच्या बायनरी फाइलींत मी लाँग प्रकारचे आकडे लिहिले होते. ६४-बिट लिनक्सवर लाँग आठ बाइटांचा, ६४-बिट विंडोजवर चारच. आणि प्रोग्रॅम चालू असताना मॉड्यूल पुन्हा बांधायला गेलो की एलएनके ११०४, फाइल उघडता येत नाही, कारण वापरात असलेली डीएलएल विंडोज कुणाला खोडू देत नाही. त्याचा राग यायचा. पण लिनक्सवर चालत्या प्रोग्रॅमच्या पायाखालची एसओ फाइल त्याच जागी कॉपी करून तो कोसळवल्याचं पाप माझ्याही खात्यावर आहे, त्यामुळे फार बोलत नाही.

आता काकांबद्दल. प्रकाशकांकडे मुद्रितं तपासणारे एक काका आहेत. सगळे त्यांना काकाच म्हणतात, वय सत्तरीच्या पुढे, हातात लाल पेन्सिल. विंडोजचं काम चालू होतं तोवर नमुना म्हणून मी सह्याद्रीतल्या भटकंतीचं एक पुस्तक घरच्या लिनक्सवर बदलून त्यांना छापायला दिलं होतं. काकांनी त्यावर तीसेक ठिकाणी गोल केले होते. सगळे एकाच जातीचे. 'सह्याद्रीच्या दऱ्या' च्या जागी 'सह्याद्रीच्या दर्या'. 'पायऱ्या' च्या 'पायर्या', 'वाऱ्याने' च्या 'वार्याने'. पहिल्या गोलाशेजारी समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'घाटात समुद्र?'

मराठी वाचकाला हा फरक सांगायला नको. दऱ्या डोंगरात, दर्या कोकणात. युनिकोडमध्ये ही दोन वेगळी अक्षरं आहेत. रफाराचा र ०९३० वर, आणि आपला अर्ध्या चंद्रासारखा ऱ् ज्यातून होतो तो ०९३१ वर. मी तो प्रकार कोष्टकात बरोबर केला होता, मला पक्कं आठवत होतं. लॅपटॉपवर तेच पुस्तक पुन्हा चालवलं. दऱ्या. बरोबर. मग छपाईत काहीतरी झालं असेल, असं म्हणून मी ते बाजूला सारलं. सारायला नको होतं.

विंडोजचं काम मार्गी लागलं आणि ताईंनी तेच पुस्तक स्वतः चालवलं. संध्याकाळी फोन: "काकांनी खुणा केलेले सगळे शब्द आता बरोबर आलेत. काय केलंत?"

मी काहीच केलं नव्हतं. काही न करता बग गेला की पोटात गोळा येतो.

त्या रात्री घरचा जुना डेस्कटॉप उघडला, ज्यावर मी तो नमुना काढला होता. पुस्तक चालवलं. दर्या. लॅपटॉपवर दऱ्या, डेस्कटॉपवर दर्या, फाइली त्याच, मॉड्यूलं बाइटनबाइट तीच. शेवटी लोडरलाच बोलतं केलं. लिनक्समध्ये एलडी-डीबग या नावाचं एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे. त्यात बाइंडिंग्ज असं लिहून प्रोग्रॅम चालवला की लोडर कोणतं नाव कुठल्या फाइलीशी बांधलं त्याची ओळ न ओळ ओकतो. हजारो ओळी. त्यात 'टेबल' शोधलं. ओळ सापडली आणि मी उठून चहा टाकला, कारण ती परत वाचायच्या आधी थोडा वेळ हवा होता. भटकंतीच्या पुस्तकाच्या फॉन्टचं मॉड्यूल त्याचं टेबल हे नाव दुसऱ्याच मॉड्यूलच्या फाइलीशी बांधून बसलं होतं.

झालं होतं असं. माझं सगळ्यात पहिलं मॉड्यूल स्तोत्रांच्या पुस्तकांसाठी होतं. संस्कृतात तो चंद्राचा ऱ् येत नाही, म्हणून त्या तुकड्यापुढे मी घाईत साधा र् लिहून दिला होता. भटकंतीवालं मॉड्यूल त्याच घराण्यातल्या फॉन्टचं, म्हणून पहिल्याची नक्कल करून बनवलेलं. त्यात मी ऱ् दुरुस्त केला, बाकी कोष्टक जवळपास तेच. आणि कोष्टकाचं नावही तेच: टेबल. स्टॅटिक नाही, म्हणजे सगळ्या जगाला दिसणारं. त्यावर कळस म्हणजे मॉड्यूलं उघडताना मी आरटीएलडी-ग्लोबल हा पर्याय दिला होता. कुठल्याशा उदाहरणातून उचललेला. त्याचा अर्थ, या मॉड्यूलची नावं यापुढे येणाऱ्या सगळ्यांसाठी खुली. मग दुसरं मॉड्यूल आलं, त्याला टेबल हवं होतं. लोडर आधी सार्वजनिक यादी बघतो. तिथे पहिल्याचं टेबल होतंच. झालं, हेच घे. स्वतःच्या पोटातलं दुरुस्त कोष्टक तसंच पडून.

दोन मशीनांवर दोन उत्तरं यायचं कारण आणखी क्षुल्लक. फोल्डर चाळताना लिनक्स फाइलींची नावं वर्णक्रमाने देतंच असं नाही, फाइल सिस्टीमला सोयीच्या क्रमाने देतं. लॅपटॉपवर भटकंतीवालं मॉड्यूल आधी उघडायचं, म्हणून उलटं व्हायचं: स्तोत्रवाल्याला दुरुस्त कोष्टक मिळायचं आणि कुणाचंच काही बिघडायचं नाही. विंडोजवर तर प्रश्नच नव्हता. प्रत्येक डीएलएलची नावं तिच्या घरात, टिळा लावल्याशिवाय बाहेर काही नाही. ज्या बंद दारांवर मी महिनाभर वैतागत होतो, त्यांच्यामुळेच ताईंकडे दऱ्या बरोबर आल्या होत्या.

लिनक्सवरचं बांधकाम त्याच रात्री बदललं. कोष्टकं स्टॅटिक केली. कंपायलरला सांगितलं की न सांगितलेलं सगळं झाकून ठेव, ठरलेलं एक फंक्शन तेवढं बाहेर. आरटीएलडी-ग्लोबल काढून लोकल. आणि लिंकरला झेड-डेफ्स हा पर्याय दिला, म्हणजे त्यानेही यापुढे उधारी बंद करावी. नाव सापडलं नाही तर बांधतानाच ओरडावं. तो लगेच एकदा ओरडला: एका मॉड्यूलच्या फक्त लिनक्ससाठी असलेल्या कोडमध्ये एका फंक्शनच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, तीन वर्षं. ते फंक्शन कधी बोलावलंच गेलं नव्हतं.

मॅकचं काम त्यामानाने हलकं गेलं, कारण अवघड भाग विंडोजने आधीच करून घेतला होता. मॅकचा लिंकरही न सापडलेली नावं मुकाट्याने स्वीकारत नाही, पण माझ्याकडे आता न सापडणारी नावंच नव्हती. गंमत फाइलीच्या नावावरून झाली. मी प्रोग्रॅमला मॅकवर डायलिब या शेपटीच्या फाइली शोधायला शिकवलं होतं. सीमेक हे बांधकामाचं साधन मात्र मॅकवर मॉड्यूल प्रकारच्या लायब्ररीला एसओ अशीच शेपटी लावतो. मॅकवर जोडून वापरायची लायब्ररी वेगळी आणि चालताना चढवायचं बंडल वेगळं, हा भेद मला तोवर ठाऊक नव्हता. अर्धा दिवस प्रोग्रॅम 'मॉड्यूल सापडली: ०' असं शांतपणे सांगत राहिला आणि मी परवानग्या तपासत बसलो.

मुखपृष्ठं करणाऱ्या मुलाचा मॅक एम-१ चा, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या चिपचा. त्याच्याकडे पाठवलेलं मॉड्यूल उघडेना, कारण आयसीयूचा पत्ता त्यात माझ्या मशीनवरच्या होमब्रू या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाच्या फोल्डरचा कोरलेला होता. मॅकवर लायब्ररी आपला पत्ता स्वतःबरोबर घेऊन फिरते आणि तिला जोडणारा तो तसाच्या तसा उतरवून घेतो. ओटूलने यादी काढून तो दिसला, इन्स्टॉल-नेम-टूलने बदलून 'माझ्या शेजारी बघ' असा केला. मग मॉड्यूल उघडताच प्रोग्रॅम मरायला लागला. पडद्यावर एकच शब्द: किल्ड. ना ओळ क्रमांक, ना कारण. एम-१ वर सही नसलेला किंवा सही बिघडलेला कोड चालत नाही, आणि माझ्या स्क्रिप्टमध्ये आधी कोडसाइनची सही होती, मग पत्ता बदलणं. दस्तावर सही झाल्यावर आतला मजकूर खोडल्यासारखं. पत्ता बदलताना यंत्रणेने सही बाद होईल असा इशाराही दिला होता, पण तो दोनशे ओळींत वाहून गेला. दोन ओळींची अदलाबदल केली. तिथे कोपऱ्यात एक जुना इंटेलचा आयमॅकही निघाला, म्हणून दोन्ही जातींची मॉड्यूलं लायपोने एका फाइलीत बांधून दिली.

सगळं पोहोचतं केलं तेव्हा ताईंनी स्तोत्रांची जुनी पुस्तकं चालवायला घेतली होती. पुढच्या आठवड्यात बिलाचं बोलायला गेलो तर काकांच्या टेबलावर त्यातल्या पहिल्या पुस्तकाचं मुद्रित होतं. दीडशे पानं स्वच्छ, एकही गोल नाही. मी खुशीत पानं मागे उलटत गेलो. प्रस्तावना मराठीत होती, उच्चारांबद्दल. तिथे 'र्हस्व' या शब्दाभोवती लाल गोल होता.

पहिल्या मॉड्यूलचं कोष्टक मी दुरुस्त केलंच नव्हतं. संस्कृतात ऱ् नसतो म्हणून.

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "हे एक राहिलंय बघ."